घर गप्प झालं तेव्हा

मुलीचं निदान झाल्यावर सतरा दिवस तिची आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हे मला अठराव्या दिवशी कळलं, आणि तेही आजीच्या तोंडून. "मॅडम, पोरीला ऐकू येत नाही ते एक आहेच, पण हिची वाचाच बसलीय. पाजते, लंगोट बदलते, झोपवते. तोंडातून शब्द काढत नाही." आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ऐकूच जात नाही तर बोलून काय करू?"

मी वाक् व श्रवण तज्ज्ञ आहे. जिल्हा पातळीवरच्या एका शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात तिथे, लहान मुलांचे कान तपासणं आणि पुढची थेरपी देणं हे माझं रोजचं काम. बेरा म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात ते टिपणारी तपासणी. तिच्या आलेखावर पाचवी लाट, म्हणजे आवाज पोहोचल्याची खूण, कशी शोधायची हे मला शिकवलं गेलं होतं. निदान ऐकून घरी गेलेल्या माणसांचं काय होतं, हे या कुटुंबाने शिकवलं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.

माहेर, सव्वा महिना आणि कागदावरचा एक शब्द

गाव ऊसपट्ट्यातलं. वडील साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात, आई बारावी झालेली. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, शेजारच्या तालुक्यात. दिवस पूर्ण भरलेले, वजन दोन किलो आठशे, जन्मल्याबरोबर रडली, कावीळ नाही, पेटीत ठेवावं लागलं नाही. कानाची शंका यावी असं काहीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओएई तपासणी झाली. यात बाळाच्या कानात रबरी टोकाची बारीक नळी बसवतात, तिच्यातून हलके आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा अगदी क्षीण ध्वनी यंत्र टिपतं. दोन्ही कानांपुढे 'रेफर' छापून आलं.

'रेफर' म्हणजे बहिरेपण नव्हे, पुन्हा तपासा एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकटा आणि पाणी असतं, बाळ चुळबुळ करतं, वॉर्डात गोंगाट असतो. अशी बहुतेक बाळं दुसऱ्या तपासणीत पास होतात. त्यामुळे तिथल्या सिस्टरांनी "पाणी असेल कानात, होईल बरं, महिन्याने दाखवा" असं सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं. पण घरच्यांनी त्यातलं "होईल बरं" तेवढं घरी नेलं. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत एक शब्द होता आणि तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

नवजात बाळांच्या कानांबाबत जगभर एक-तीन-सहा असा हिशेब पाळतात: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी पूर्ण, तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान, सहाव्याच्या आत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू. हा हिशेब आपल्याकडच्या बाळंतपणाच्या रीतीशी नेमका कुठे अडतो ते इथे दिसलं. महिन्याने दाखवायचं तेव्हा बाळंतीण सव्वा महिन्याच्या खोलीत होती, शेक-शेगडी चालू होती, उंबरा ओलांडायचा नव्हता. दवाखान्यात नोंदवलेला मोबाइल नंबर तिच्या वडिलांचा. ते दिवसभर रानात, फोन घरी चार्जिंगला. सव्वा महिना सरला आणि ती सासरी आली. तालुका बदलला, आशाताई बदलली, फाइल माहेरीच राहिली.

हा धागा उचलला सासरच्या आशाताईने. बाळ जन्मल्यावर बेचाळीस दिवसांपर्यंत आशांच्या ठरलेल्या गृहभेटी असतात. शेवटच्या भेटीला गेलेल्या या बाईने वजन घेतलं, नाळेची जागा पाहिली, लसीकरणाचं कार्ड मागितलं. कार्डाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला तो कागद उघडला आणि तिथूनच आमच्या केंद्रात फोन लावला. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात श्रवणदोष सुरुवातीपासून आहे, मुलांना तपासून पुढे पाठवण्याची साखळी कागदावर पक्की आहे. प्रत्यक्षात ती साखळी म्हणजे कागदाची घडी उलगडणारी एक बाई होती. सातव्या आठवड्यात आमच्याकडे पुन्हा ओएई झाली, पुन्हा दोन्ही कान रेफर. दहाव्या आठवड्यात बेरा.

बेराचा दिवस

बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. म्हणून आम्ही आधी फोनवर सांगतो, पहाटे उठवा, वाटेत डोळा लागू देऊ नका, दूध इथे आल्यावरच पाजा. एसटीत दोन तास आजीने तिच्या तळपायांना गुदगुल्या करत, तोंडावरून ओला रुमाल फिरवत तिला जागं ठेवलं होतं. आमच्या खोलीत मी कपाळावरची आणि कानामागची कातडी हलकेच घासून इलेक्ट्रोड चिकटवले. आईने पदराखाली घेतलं आणि पाय हलवत गुणगुणायला लागली. मूल झोपेपर्यंत ती गुणगुणत होती. हे मला नंतर फार आठवलं.

उजव्या कानात ९० डेसिबलच्या आवाजालाही पाचवी लाट उमटली नाही. डाव्या कानात ९० ला अंधुकशी. मधल्या कानात पाणी नव्हतं. वेगवेगळ्या पट्टीच्या आवाजांना मिळणारा प्रतिसाद मोजणाऱ्या एएसएसआर तपासणीत फक्त खालच्या पट्टीच्या आवाजांना थोडा प्रतिसाद होता, तोही ८० च्या पुढे. आपलं साधं बोलणं ५०-६० डेसिबलच्या आसपास असतं. दोन्ही कानांत तीव्र ते अतितीव्र श्रवणदोष, आतल्या कानाचा.

यानंतर मी जे केलं ते चुकीचं होतं. वडील कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेले होते, आजी बाकावर पेंगत होती. मी त्यांची वाट न बघता एकट्या आईला सांगितलं. आधी आलेख दाखवला. मग डेसिबल, श्रवणयंत्र, सहा महिन्यांची मुदत, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र), योजना, दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड. चाळीस मिनिटं बोलले. तिने एकही प्रश्न विचारला नाही, म्हणून मला वाटलं तिला सगळं समजलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी मी तिला विचारलं, त्या दिवसाचं काय काय आठवतं? ती म्हणाली, "तुम्ही 'दोन्ही कानांत' म्हणालात. त्यानंतर तुमचे नुसते ओठ हलत होते."

सतरा दिवस

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मशीन लावणार आहेत म्हणे." त्याला ते पटलं नाही. पटणार कसं? मुलगी हुंकार देत होती, हसत होती, रडायला तर खणखणीत. बहिरं मूल पहिले काही महिने इतर मुलांसारखंच कूजन करतं, फरक पडतो तो साधारण अर्ध्या वर्षानंतर. हे मी चाळीस मिनिटांत सांगितलं नव्हतं. मग त्याने स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या. पाळण्याच्या उशाशी स्टीलचं ताट आपटलं, पोरगी दचकली. दार धाडकन लावलं, तिने मान वळवली. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला, तिने हात-पाय झाडले. "मशीन खराब असंल त्यांचं," तो म्हणाला, आणि शेजारीपाजारी तेच म्हणाले.

आजीचं वेगळं चाललं होतं. गरोदरपणात एक ग्रहण येऊन गेलं होतं आणि त्या वेळात सुनेने विळी हातात धरली होती, हे तिला आठवलं. ती ओरडली नाही, फक्त एकदा ते बोलून दाखवलं. तेवढं पुरलं. ही सून तिच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे सासू ही आधी आत्या. मायेचं माणूस असं बोललं की ते परक्याच्या बोलण्यापेक्षा खोल जातं.

आणि आई गप्प झाली. तिच्या गप्प होण्यामागे मला आधी फक्त दुःख दिसत होतं. नंतर कळलं की तिच्या दृष्टीने ते सरळ गणित होतं. आवाज जात नाही, मग आवाज काढायचा कशाला? एक वाक्य तिने पुन्हा पुन्हा म्हटलं: "बारशाला वन्संनी तिच्या कानात नाव सांगितलं. आम्ही सगळ्या कुर्र करून हसलो. ते तिला गेलंच नाही." बाराव्या दिवशीचा तो क्षण तिच्या मनात उलटा फिरून आला होता.

या सतरा दिवसांत आमच्याकडून त्या घरात एकही फोन गेला नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची दिली होती, कारण तेव्हा कानाचे साचे घ्यायचे होते. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर होतं. पण गप्प झालेल्या घरात बाळाचे तीन आठवडे जाणं हे माझ्या मते उशिरा लागलेल्या यंत्राइतकंच नुकसान आहे. ऐकू न येणारं बाळ चेहरा बघतं, ओठ, भुवया, हात बघतं, छातीवर झोपलं असता आईच्या बोलण्याची थरथर त्याला गालाला जाणवते. भाषा येण्याच्या आधीची ही सगळी देवघेव आहे. आई बोलायची थांबली की तिचा चेहराही स्थिर होतो, आणि मुलीला बघण्यासारखंही काही उरत नाही. मी त्या अठराव्या दिवशी बघितलं, ती मुलगी आईच्या तोंडाकडे न बघता पंख्याकडे बघत होती.

ती तारखेच्या आधी आली ती आजीमुळेच. ग्रहणाचं बोललेली तीच आजी, सुनेला आणि नातीला घेऊन एसटीत बसली होती.

पुन्हा पहिल्यापासून

दोन दिवसांनी सगळ्यांना बोलावलं. आई, वडील, आजी, आणि गावातून आशाताई. सतरंजी घातली, बाळ मध्ये ठेवलं, कागद ड्रॉवरमध्येच राहू दिले. मी पहिल्यांदा एवढंच म्हटलं, "मागच्या वेळी मी ताईंना एकटीला सांगितलं, घाईने सांगितलं. ते चुकलं. आज पुन्हा सांगते, आणि आज तुम्ही विचारायचं." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. अशा वेळी ती शांतता भरून काढायचा मोह मला आजही होतो.

वडिलांनी ताटाची गोष्ट काढली. मी म्हटलं, दादा, करून बघू. मुलगी जागी, आजीच्या मांडीवर. आधी त्यांच्या पद्धतीने, बाळाजवळच्या स्टुलावर स्टीलचा डबा आपटला. दचकली. मग त्यांनाच बाळाच्या मागे, तिला दिसणार नाही असं उभं केलं, डबा हातात अधांतरी धरून चमच्याने वाजवायला सांगितला. काही नाही. जोरात. काही नाही. मग न वाजवता फक्त स्टुलाला धक्का दिला, ती दचकली. त्यांनी आणखी दोनदा करून बघितलं. नंतर डबा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागे गेले नाही. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा विचारलं, "मग आता काय करायचं?"

हा प्रश्न येईपर्यंत थांबायला हवं, असं मला आता ठामपणे वाटतं. तो येण्याआधी सांगितलेल्या योजना आणि मुदती वाऱ्यावर जातात. थांबायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे सोडून द्यायचं असं मात्र नाही, कारण वेळ खरोखर मोजकी असते. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला जाऊन लगेच मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. म्हणून थांबायचं ते दोन-तीन दिवस, आणि तेही फोनवर संपर्क ठेवून.

आजीने विचारलं, "म्हणजे मुकीबहिरी म्हणायची का हिला?" मी तिला रडणारी नात दाखवली आणि सांगितलं, आजी, गळा ठणठणीत आहे. ऐकू येत नाही म्हणून बोलणं अडतं, मुकी ती नाही. आजीने नंतर हा खुलासा अख्ख्या गावाला केला असावा, कारण पुढच्या वेळी आशाताईने तो मला जसाच्या तसा ऐकवला.

आईला त्या दिवशी मी एकच काम दिलं. बोलायचं. तिला ऐकू जाण्यासाठी म्हणून नाही, तुमचा चेहरा हलावा म्हणून. तोंड तिच्यासमोर वीतभर अंतरावर, उजेड तुमच्या चेहऱ्यावर, पाठ खिडकीकडे नको. पाजायच्या आधी हाताची तीच खूण, अंघोळीच्या आधी तीच, दर वेळी. छातीशी घेऊन गुणगुणायचं, कारण थरथर पोहोचते. आणि एक दोनशे पानी वही दिली. रोज रात्री एक ओळ: आज कशाबद्दल बोलले, तिने काय केलं.

वहीची पहिली पानं माझ्याकडे फोटोत आहेत. "भाकरी करताना बोलले. बघत नव्हती." "अंघोळीची खूण केली. रडली." "बोलले नाही. जमलं नाही." आठव्या दिवशी: "जांभई दिली तर तिने माझ्या तोंडात बोट घातलं." अकराव्या दिवशीच्या ओळीत पेन बदललेलं आहे आणि अक्षर सरळ आहे: "काजळ लावताना बोलले. पूर्ण वेळ बघत होती."

तिसऱ्या भेटीत मी तिला झोपेबद्दल, भुकेबद्दल, नको नको ते मनात येतं का याबद्दल सरळ विचारलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य आणि निदानाचा धक्का वरवर सारखेच दिसतात, आणि कधी दोन्ही एकत्र असतात. ती रात्र रात्र जागी असायची, बाळ झोपलेलं असतानाही. आमच्या समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे तिला त्याच दिवशी नेलं. बाळाच्या फाइलमध्ये आईच्या मनाची नोंद करायला आमच्या कागदावर रकाना नव्हता. मी समासात लिहिली.

टोपडं, शिटी आणि कानातलं तेल

साडेचार महिन्यांची असताना दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लागली. आधी मऊ साहित्याने कानाचे साचे घेतले. या वयात कान इतका झपाट्याने वाढतो की साचा महिन्या-दीड महिन्यात सैल होतो, आणि सैल झाला की यंत्र शिटी मारतं. शिटी आली की घरचे यंत्र काढून डबीत ठेवतात आणि तारखेची वाट बघतात. म्हणून शिटी आली तर तारीख न बघता निघून या, असं सांगून ठेवलं.

रोजच्या जगण्यातल्या अडचणी मात्र पुस्तकात नसतात. बाळाच्या डोक्यावर टोपडं हवंच, हा आजीचा हट्ट. टोपड्याचं जाड कापड माइकवर घासलं की बाळाला नुसती खरखर जाते. दुसरीकडे टोपड्याच्या नाड्यांमुळेच यंत्र ओढून काढता येत नाही, हेही खरं. शेवटी आजीनेच जुन्या मऊ मलमलीचं, कानाशी एकेरी कापडाचं टोपडं शिवलं, आणि आता मी ते इतर घरांना दाखवते. तेल-मालिशीनंतर कानात दोन थेंब सोडायची सवय मोडायला तीन भेटी लागल्या. धुरीच्या वेळी यंत्र काढायचं, पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, सेलच्या झाकणाला कुलूप आहे ना ते रोज बघायचं. बटणासारखा सेल बाळाने गिळला तर अन्ननलिका जळते आणि ती तातडीची वेळ असते. हे मी दर भेटीत पुन्हा सांगते, घरच्यांना पाठ झालं तरी.

कान टोचायचे की नाही, यावरही चर्चा झाली. टोचा म्हटलं. पाळीवर टोचल्याने यंत्राला काही होत नाही, आणि त्या घरात मुलीचा एक समारंभ आनंदाने व्हायला हवा होता.

यंत्राने तिला ढोल, ट्रॅक्टर, वडिलांची हाक असं खालच्या पट्टीतलं काही मिळू लागलं. स, श, त, क मिळत नव्हते. घरच्यांना मी हे लपवलं नाही.

कुणामुळे

ग्रहणाचा विषय मी स्वतःहून काढला नाही. पाचव्या महिन्यात वडिलांनीच विचारलं, "नात्यात लगीन केलं म्हणून का?" मामाची मुलगी करणं आमच्या भागात आजही नवल नाही, त्यामुळे हा प्रश्न खोलीत सुरुवातीपासून होता. रक्त तपासलं. जीजेबी-२ या जनुकात, ज्यापासून आतल्या कानाला लागणारं कनेक्सिन-२६ हे प्रथिन बनतं, दोन्ही प्रतींत बदल सापडला. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक कारणांत हे आपल्याकडे वारंवार आढळणारं.

मी दोन रंगांचे मणी घेऊन बसले. आईकडून एक मणी, बाबांकडून एक. दोघांकडे एकेक बदललेला मणी आहे, दोघांना उत्तम ऐकू येतं, कारण दुसरा मणी काम सांभाळतो. दोघांचाही बदललेलाच मणी बाळाकडे आला तर असं होतं. असे बदललेले मणी आपल्या प्रत्येकाकडे कशाचे ना कशाचे असतातच. नात्यात लग्न झालं की एकाच जातीचा मणी दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हे होतं. विळीचा, ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा यात कुठेच हात नाही.

आजी मणी बघत राहिली. "म्हणजे माझ्याच माहेरचं," ती म्हणाली. एका माणसावरचा ठपका उचलून मी दुसऱ्यावर ठेवला की काय, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आजही त्या प्रसंगाबद्दल मन पूर्ण स्वच्छ नाही. मी काही म्हणायच्या आत सून बोलली. "आत्या, तुमच्या माहेरचं ते माझ्याही माहेरचं." दोघी जणी बऱ्याच वेळाने हसल्या.

पुढच्या मुलाबद्दल मी एवढंच सांगितलं, की दर खेपेला चारांत एक अशी शक्यता असते, आणि पहिल्या खेपेला झालं म्हणून पुढच्या तीन सुटल्या असा तो हिशेब नाही. दुसऱ्या मुलाचं काय करायचं हे त्या दोघांनी अजून ठरवलेलं नाही. कारण कळल्यावरही डोळ्यांची तपासणी आणि ईसीजी करून घेतले, कारण काही मुलांत श्रवणदोषासोबत दृष्टीचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असतो. दोन्ही व्यवस्थित निघाले.

एक पाहुणा

सातव्या महिन्यात मी एका कर्णबधिर तरुणाला केंद्रात बोलावलं. तो एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे, लग्न झालेलं, एक ऐकू येणारा मुलगा. आई-बाबांनी तोपर्यंत एकही मोठं कर्णबधिर माणूस जवळून बघितलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो फक्त लहानपणी गावात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेला एक माणूस. खरं तर भीती त्याचीच होती.

तो मोबाइलवर मराठीत टाइप करून बोलत होता. वडिलांनी लिहिलं, "घरचे तुमच्याशी बोलतात का?" त्याने बराच वेळ टाइप केलं. "बायको बोलते, मुलगा बोलतो, खुणांनी. आई-वडील खुणा शिकले नाहीत. जेवताना सगळे हसतात तेव्हा मी विचारतो काय झालं. म्हणतात, नंतर सांगतो." वडिलांनी फोन बायकोच्या हातात दिला. त्या संध्याकाळी त्यांनी मला खुणा कुठे शिकता येतील ते विचारलं.

खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही, असं माझ्या व्यवसायातली कित्येक चांगली माणसं आजही सांगतात. मी तसं सांगत नाही. इम्प्लांटपर्यंतचे महिने, त्यानंतरचे शिकण्याचे महिने, यंत्र बंद पडलं ते दिवस, रात्री यंत्र काढून ठेवल्यावरचे तास, या सगळ्या वेळात मुलीजवळ कुठली तरी भाषा असायला हवी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओ स्वरूपात उपलब्ध आहे. घरच्यांनी सुरुवात दूध, पाणी, आई, नको, अजून, दुखतंय एवढ्यापासून केली.

ऑपरेशन, आणि त्यानंतरचा कंटाळवाणा भाग

यंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही हे सात-आठ महिन्यांच्या नोंदींवरून स्पष्ट झालं, तेव्हा कॉक्लिअर इम्प्लांटचा निर्णय झाला. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं इम्प्लांट होतं आणि त्याचं समन्वयाचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे, ही माहिती मी आता, म्हणजे निदानानंतर कित्येक महिन्यांनी, सविस्तर दिली. प्रमाणपत्राचंही तसंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबलचा दोष म्हणजे बहिरेपण. पहिल्या दिवशी 'दिव्यांग' हा शब्द आईला सोसण्यासारखा नव्हता. आता तिने स्वतः ऑनलाइन अर्ज भरला.

जे आधीच सांगायला हवं आणि सहसा सांगितलं जात नाही ते म्हणजे नंतरचा खर्च. ऑपरेशन योजनेत होतं, पण कानाबाहेरच्या प्रोसेसरची वायर तुटते, कॉइल बिघडते, सेल संपतात, वॉरंटीही एक दिवस संपते. वडिलांनी ऊस बिलातून दर हंगामाला वेगळं काढायचं ठरवलं आणि पोस्टात खातं उघडलं.

मेंदूज्वर टाळण्यासाठीची न्यूमोकॉकल लस पूर्ण झाली, सीटी-एमआरआयमध्ये कानाचा शंख आणि नस नीट दिसली, आणि तेराव्या महिन्यात ऑपरेशन झालं. यंत्र चालू करायच्या दिवसाबद्दल त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते, मूल आईचा आवाज ऐकून हसतं ते. मी आधीच सांगून ठेवलं होतं की ती रडेल, किंवा काहीच करणार नाही. ती घाबरून रडली आणि आजीच्या पदरात शिरली. कुणी निराश झालं नाही. बाबांनी व्हिडिओ काढला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

आता ती वीस महिन्यांची आहे. आठवड्यातून एकदा थेरपी, बाकी घरी. हाक मारली की वळते, कुकरच्या शिटीला हात वर करते, 'दूध' खुणेने मागते आणि 'बाबा' तोंडाने म्हणते. 'आई' अजून नीट येत नाही, कारण तो स्वर आणि तोंडाची ती हालचाल तिला अवघड जाते आहे. आईला याचं वाईट वाटतं, ती तसं म्हणतेही.

आमच्या केंद्रात तीन गोष्टी बदलल्या. निदान एकट्या माणसाला सांगत नाही. निदानानंतर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी फोन जातो, आणि त्या फोनवर कानाबद्दल काही विचारायचं नसतं, बाळाशी आज काय बोललात एवढंच विचारायचं. आणि नवजात तपासणीच्या फॉर्मवर आम्ही हाताने दोन रकाने आखले आहेत, माहेरचा नंबर आणि सासरचा नंबर. छापील फॉर्ममध्ये ते यावेत म्हणून पत्र दिलं आहे.

वही भरत आली आहे. मागच्या मंगळवारची ओळ: "टोपडं घालू देईना. मान हलवली, हाताने नको केलं. मग तोंडाने पण म्हणाली, नाई."